हिरवं पाकीट कुणी ठेवलं?

१

रुआनताई जिन्याच्या मधल्या पायरीवर होत्या तेव्हा वरून किंकाळी आली. ती ल्याओताईंची, यात शंकाच नव्हती. रात्रबाजारात तीस वर्षं कालवांची धिरडी विकताना गिऱ्हाइकांना हाका मारून कमावलेला तो गळा होता.

कुणीतरी गेलं, असंच रुआनताईंना वाटलं. को गुरुजींचं वय झालं होतं. भाजीची पिशवी जिन्यातच टाकून त्या वर धावल्या.

को गुरुजी धडधाकट उभे होते. वेनताईही उभ्या होत्या, हातात फळांचा डबा छातीशी धरून. ल्याओताई तर खुर्चीवर चढून उभ्या होत्या. तैपेईतल्या त्या लहानशा दलाल पेढीत बाजारहाट उरकलेल्या बायका आणि निवृत्त पुरुष रोज सकाळी येऊन भावफलकापुढं जे बूड टेकत, ते दीड वाजता बाजार बंद होईपर्यंत हलत नसे. तिथं लोक उभे आहेत म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

सगळे सौदे टाकायच्या यंत्राकडं बघत होते. यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं एक पाकीट होतं. नारळाच्या चवीचं. हिरवं.

"मेले मी," ल्याओताई म्हणाल्या.

आता यंत्रावर पाकीट ठेवण्यात नवल काहीच नाही. या बेटावर इस्पितळातल्या यंत्रांपासून रेल्वेच्या तिकीटखिडकीपर्यंत सगळीकडं ते असतं. त्यानं यंत्र गुणी बाळासारखं वागतं. पाकीट हिरवंच लागतं, ते ताजं लागतं आणि ते कुणी खायचं नसतं. पण शेअरबाजाराची गोष्ट वेगळी. इथं भाव चढला की फलकावर लाल आकडा, पडला की हिरवा. पेढीत कुणी हिरवा सदरा घालून आलं तर त्याला दारातच थांबवत. म्हणून पेढीच्या यंत्रावर लाल पाकीट असायचं आणि त्याखाली मॅनेजर तेंगसाहेबांच्या सहीची सूचना असायची, की या पाकिटाला माझ्याखेरीज कुणीही हात लावू नये.

सूचना जागेवर होती. लाल पाकीट नव्हतं.

"हान!" तेंगसाहेब केबिनमधून बाहेर येतायेताच ओरडले. "हानला बोलवा!"

हानभाऊ मागच्या खोलीतून आले, हातात स्क्रू-ड्रायव्हर. पेढीची यंत्रं तेच सांभाळत. त्यांनी पाकीट पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर नको तेवढं समाधान पसरलं.

"अखेर कुणाला तरी अक्कल आली," ते म्हणाले.

हे बोलायला नको होतं. कारण हिरव्या पाकिटाशिवाय यंत्र नीट चालणार नाही, हे भांडण हानभाऊंनी तेंगसाहेबांशी गेलं वर्षभर चालवलं होतं, आणि ते सगळ्या पेढीनं चघळलं होतं.

"आजच्या दिवशी!" ल्याओताई खुर्चीवरून उतरल्या. "आज मध्यवर्ती बँकेची बैठक! आज मी माझ्या धिरड्यांच्या गाड्याचा अख्खा पैसा लावायला आले! आणि समोर हे!"

तेंगसाहेबांनी वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत पाकीट धरलं, जणू मेलेला उंदीर, आणि केबिनच्या खणात कुलपात टाकलं. त्या गडबडीत रुआनताईंना पाकिटाच्या कोपऱ्यावर गुलाबीसर भुकटीचा एक डाग दिसला. उदबत्तीचा अंगारा असेल, असं त्यांना वाटलं.

"बसा गं सगळ्या," वेनताई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी डबा उघडला. "पेरू खा. जीव शांत होईल."

"पेरू?" को गुरुजींनी डब्यात डोकावलं. "गुरुवार ना आज? कोळंबी कुठाय?"

वेनताईंच्या जावयाला कोळंबी पकडायचं वेड. दर बुधवारी संध्याकाळी कचेरी सुटली की तो तलावावर गळ टाकून बसे, आणि गुरुवारी ती कोळंबी मिठात भाजून पेढीवर येई.

"जावयाला काम होतं," वेनताई म्हणाल्या आणि पेरूवर आलुबुखाऱ्याची भुकटी भुरभुरू लागल्या.

२

ल्याओताईंचं गणित सोपं होतं, आणि ते त्या आठवडाभर सगळ्यांना ऐकवत होत्या.

"निवडणूक तोंडावर आलीय. सरकार बाजार पडू देईल? पडायला लागला की सरकारी बँका खालून हात लावतात. म्हणजे वर जायला मोकळीक आणि खाली सरकारचा हात. असा धंदा मला तीस वर्षांत मिळाला नाही!"

"सरकार एक, मध्यवर्ती बँक दुसरी," को गुरुजी म्हणत. ते निवृत्तीआधी शाळेत भूगोल शिकवत, आणि आता बाजार पडेल याच्यावरच पैसे लावत. "सरकार पाळणा हलवतं. बँक बाळाचं दूध तोडते. घरांच्या किमती बघा किती चढल्यात. व्याज वाढवतील."

"तुमच्या तोंडाला औषध नाही, गुरुजी."

पण त्या गुरुवारी हिरवं पाकीट पाहिल्यावर ल्याओताईंनी सौदा टाकला नाही. देवच नको म्हणतोय, असं म्हणत, आणि हानभाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्या घरी गेल्या. गंमत अशी की त्या दिवशी बाजार पडलाच नाही. उलट थोडा लाल झाला. ल्याओताईंनी दुपारी रुआनताईंना फोन केला.

"बघितलंस? चढला! माझं नुकसान झालं! त्या हानला मी सोडणार नाही!"

बाजार बंद झाल्यावर मध्यवर्ती बँकेचे लोक छोट्या पडद्यावर आले. चेहरे नेहमीसारखेच झोपाळू. त्यांनी व्याजाचा दर वाढवला, बँकांनी बाजूला ठेवायची रक्कम वाढवली, आणि दुसरं घर घेणाऱ्यांचं कर्ज आवळलं. तिन्ही एकदम.

शुक्रवारी भावफलक उघडला तो हिरवागार. भाताच्या खाचरासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पेढीत कुणी रडलं नाही. सगळे हानभाऊंकडं वळले.

३

"आमच्या सगळ्यांची खाती समोरच्या पेढीत हलवतो," असं नऊजणांनी तेंगसाहेबांना सांगितल्यावर तेंगसाहेबांनी हानभाऊंना केबिनमध्ये घेतलं. बाहेर आले तेव्हा हानभाऊंचा स्क्रू-ड्रायव्हर हातात नव्हता.

"सोमवारी बाजार उघडायच्या आत खरा माणूस सापडला तर ठीक," त्यांनी रुआनताईंना सांगितलं. "नाहीतर मी घरी. पंचावन्नाव्या वर्षी मला कोण उभं करणार, ताई? नवीन पोरं यंत्राला हातसुद्धा लावत नाहीत, दुरूनच दुरुस्त करतात. तुम्ही बघा ना."

रुआनताईंना विचारलं जाणं साहजिक होतं. मुख्य रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर त्यांनी सारी नोकरी काढली होती. छत्र्या, कवळ्या, एकदा लग्नाचा अख्खा केक. वस्तू पाहून मालक ओळखायचा, हे त्यांना जमायचं. पेढीतही कुणाचा चष्मा गेला की त्यांनाच हाक.

त्यांनी आधी लोकांशी अक्कलहुशारीनं बोलून पाहिलं.

"अगं ल्याओ, बाजार बँकेनं व्याज वाढवल्यामुळं पडला. कर्ज महागलं, लोक शेअरमधून पैसा काढून बँकेत ठेवणार. यात पाकिटाचा काय संबंध?"

"आणि बँकेनं व्याज का वाढवलं?"

"घरांच्या किमती..."

"काल सकाळी हिरवं पाकीट ठेवलं म्हणून!"

यावर मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. रुआनताईंनी धोरणाचा नाद सोडला आणि पाकिटाच्या मागं लागल्या.

गुरुवारी दार हानभाऊंनी उघडलं, मग को गुरुजी आले, मग वेनताई, मग ल्याओताई. तेंगसाहेब सोडले तर चौघंच.

"चौघं? मला का धरतेस?" ल्याओताई उसळल्या. "मीच ठेवलं आणि मीच किंचाळले?"

"तसं करणारे असतात. केक हरवल्याची तक्रार करणारीनंच केक खाल्ला होता."

"मी कुरकुरे खात नाही. दातात अडकतात."

को गुरुजींचं मात्र कारण घसघशीत होतं. बाजार पडला की फायदा त्यांचाच. रुआनताईंनी त्यांना खिडकीशी गाठलं. गुरुजी वर्तमानपत्राच्या मागं बसले होते, पण वर्तमानपत्र उलटं होतं.

"गुरुजी, आज बरीच कमाई झाली असेल."

गुरुजींनी वर्तमानपत्र खाली केलं. डोळे ओले होते.

"बुधवारी सोडला," ते म्हणाले. "पडण्यावर लावलेला सौदा मी बुधवारी सोडून दिला. ही ल्याओ रोज कानाशी निवडणूक निवडणूक करते, मलाही वाटलं सरकार पडू देणार नाही. नऊ वर्षं पडायची वाट पाहिली, ताई. आणि पडला तेव्हा मी हात धुऊन बसलो होतो. हिनं माझी जन्माची वाट लावली, आणि वर मी बायकोला सांगू शकत नाही, कारण तिला वाटतं मी सार्वजनिक वाचनालयात जातो."

एवढं दुःख ढोंगाचं नसतं. रुआनताईंनी त्यांना पाठीवर थोपटलं आणि नाव खोडलं.

राहिले हानभाऊ. हे नाव खोडणं महत्त्वाचं, म्हणून रुआनताईंनी तेंगसाहेबांकडं पाकीट मागितलं. साहेबांनी खण उघडला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

"हानभाऊ," रुआनताई म्हणाल्या, "हे बघा. तुम्ही ठेवलं असतं तर असं ठेवलं असतं?"

हानभाऊंनी पाकीट उलटसुलट केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर धंदेवाईक तिरस्कार उमटला.

"कोरं आहे हे! यावर यंत्राचं नाव कुठंय? तारीख? 'बाबा, नीट चाल' असं काही? लिहिल्याशिवाय यंत्राला कळणार कसं कुणासाठी आहे ते? हे काम कुठल्याच कारागिराचं नाही. हे ठेवणाऱ्याला यंत्राशी देणंघेणंच नव्हतं."

"मलाही तेच वाटतं," रुआनताई म्हणाल्या.

यंत्रासाठी नव्हतं, तर माणसासाठी होतं. यंत्राच्या अगदी समोर ल्याओताईंची खुर्ची. पाकिटाचं तोंड तिकडंच होतं.

रुआनताईंनी कोपऱ्यावरची गुलाबी भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. अंगारा नव्हता. आंबटगोड होती.

तेंगसाहेबांनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "घशाला कोरड पडलीय. सोमवारी सांगते."

४

शनिवारी सकाळी वेनताई खालच्या भाजीबाजारात पेरू दाबून बघत होत्या. रुआनताई शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याही पेरू दाबू लागल्या.

"गुरुवारी तू डबा उघडलास तो पाकीट खणात गेल्यावर," रुआनताई म्हणाल्या. "मग पाकिटावर आलुबुखाऱ्याची भुकटी आधीच कशी?"

वेनताईंच्या हातातला पेरू तसाच राहिला.

"घरून निघताना चव घेतली होती," त्या म्हणाल्या. "बोटं पुसली नीट. तरी राहिलीच का?"

"राहिली."

"मी कधी काही चोरलं नाही गं."

"माहितेय. म्हणून तर काल रात्रभर माझं डोकं चालेना. मग मला कोळंबी आठवली." रुआनताईंनी आवाज उतरवला. "वसंतात एका गुरुवारी कोळंबी आली नव्हती. त्या दिवशी व्याज वाढलं. ड्रॅगन-होड्यांच्या सणानंतर एकदा आली नव्हती. तेव्हाही वाढलं. तुझा जावई कुठल्या कचेरीत आहे, हे मी विचारत नाहीये. तू सांगूही नकोस."

वेनताईंनी पेरू खाली ठेवला.

"तो कधी एक शब्द बोलत नाही घरात. चहा गरम आहे की थंड, हेसुद्धा विचारावं लागतं. पण काही बदलायचं नसलं की बुधवारी वेळेवर सुटतो. मागच्याच निवेदनावर नवी तारीख घालायची, आणि गळ घेऊन निघायचं. बदलायचं असलं की घरीच येत नाही वेळेवर. मला ते दुसऱ्या खेपेला लक्षात आलं, आणि लक्षात आलं याचीच भीती वाटायला लागली."

"आणि या बुधवारी आला नाही."

"नाही आला. आणि ल्याओ गुरुवारी गाड्याचे पैसे घेऊन येणार होती. सगळे. मी तिला सांगणार कशी? सांगितलं असतं तर पोराची नोकरी गेली असती, मुलीचा संसार गेला असता. आणि ल्याओला सांगणं म्हणजे अख्ख्या तैपेईला सांगणं. ती माणसाचं ऐकतच नाही. पण हिरव्या रंगाला घाबरते."

भाजीवाल्यानं विचारलं की पेरू घेणार आहात की नुसतेच दाबणार आहात.

"तुझे स्वतःचे शेअर?" रुआनताईंनी विचारलं.

"आहेत तसेच आहेत. चांगलेच आपटले." वेनताईंनी पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसले. "विकले असते तर ती चोरी झाली असती ना गं."

रुआनताईंना त्या क्षणी तिला मिठी मारावीशी वाटली. पण हानभाऊ डोळ्यांसमोर होते.

"हे बघ वेन. हान सोमवारी घरी जातोय. तुझ्यापायी."

"मला कुठं माहीत होतं! मला वाटलं, दिवसभर आरडाओरडा होईल आणि संपेल." वेनताई एकदम ताठ झाल्या. "मी सांगते. मीच ठेवलं म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

"आणि का ठेवलं म्हणून विचारतील, तेव्हा? को गुरुजी भूगोलाचे असले तरी दोन आणि दोन चार करता येतात त्यांना. चौकशी लागेल तुझ्या जावयावर." रुआनताई विचारात पडल्या. मग त्यांच्या नोकरीतला जुना प्रश्न तोंडातून आला. "लाल पाकीट कुठंय?"

"पिशवीत. टाकवेना. लाल वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? तीन दिवस घेऊन फिरतेय."

वेनताईंनी ते कोथिंबिरीखालून काढलं. रुआनताईंनी ते घेतलं, सवयीनं उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

आणि भर भाजीबाजारात त्या मोठ्यानं हसल्या.

५

सोमवारी बाजार उघडायच्या आधी पेढीत बसायला जागा नव्हती. समोरच्या पेढीचे दोघंजणही येऊन उभे होते, आयती गिऱ्हाइकं न्यायला. हानभाऊ दाराशी, आपली हत्यारांची पेटी पायाशी ठेवून. वेनताई कोपऱ्यात.

"सापडला?" तेंगसाहेबांनी विचारलं.

"वस्तू सापडली," म्हणत रुआनताईंनी लाल पाकीट यंत्रावर ठेवलं.

"कुठं सापडलं?"

"साहेब, इतकी वर्षं खिडकीवर बसले, सापडल्याची जागा मी कुणाला सांगितली नाही. वस्तू कुणाची, एवढंच सांगायचं. गुरुजी, तुमचा चष्मा चांगला आहे. मागं काय लिहिलंय?"

गुरुजींनी पाकीट डोळ्यांशी नेलं. मग लांब धरलं. मग पुन्हा जवळ.

"वापरायची मुदत... जून. अहो, हे तर ड्रॅगन-होड्यांच्या सणालाच वारलं!"

ल्याओताई खुर्चीतून उठल्या.

"म्हणजे तीन महिने आपल्या यंत्रावर प्रेत बसलं होतं?"

"तसंच म्हणायचं," रुआनताई म्हणाल्या. "पाकीट ताजं लागतं, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. आता हे बदलायचं काम कुणाचं होतं, ते सूचनेत लिहिलंय. 'माझ्याखेरीज कुणीही.' खाली सही आहे. हानभाऊंनी हात लावला असता तर सूचना मोडली असती. त्यांनी मोडली नाही."

सगळी डोकी एकदम तेंगसाहेबांकडं वळली. साहेबांच्या चेहऱ्यानं आधी लाल आणि मग हिरवा, असे दोन्ही भाव दाखवले.

"पण हिरवं कुणी ठेवलं?" को गुरुजींनी विचारलं. भूगोल शिकवलेला माणूस, नकाशातलं एकही गाव सोडायचा नाही.

रुआनताईंनी कोपऱ्याकडं बघितलं नाही.

"मेलेल्या लाल पाकिटापेक्षा जिवंत हिरवं बरं, असं कुणाला तरी वाटलं असेल. त्यानं ज्याचं नुकसान झालं, त्यानं हात वर करावा. ठेवणारा शोधून देते." कुणी हलेना. "बरं, ते पाहून गुरुवारी खरेदी कुणी थांबवली?"

हळूहळू दोन हात वर आले. मग तिसरा. शेवटी ल्याओताईंचा. हात वर असतानाच त्यांच्या डोक्यात काहीतरी फिरलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून आवाज आला नाही.

"माझा गाडा," त्या अखेर म्हणाल्या. "गुरुवारी लावला असता तर शुक्रवारी निम्मा... अगं बाई." त्या खुर्चीत बसल्या. "जो कोणी असेल त्यानं सांगू नये. सांगितलं तर मला त्याला जन्मभर फुकट धिरडी घालावी लागतील."

तिथंच खटला संपला. तेंगसाहेबांनी हानभाऊंना स्क्रू-ड्रायव्हर परत दिला, आणि तो दोन्ही हातांनी दिला. हानभाऊंनी नवं पाकीट आणलं. बरीच घासाघीस होऊन ते पिवळं ठरलं. त्यावर त्यांनी यंत्राचं नाव लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात, मॅनेजरसाहेबांनाही सद्बुद्धी दे.

६

त्यानंतर वेनताईंनी एक बदल केला. जावई तलावावर जावो न जावो, दर गुरुवारी त्या कोळंबीच आणू लागल्या. नसली की पहाटे बाजारातून विकत घ्यायची, मिठात भाजायची आणि डब्यात भरायची. डब्याकडं बघून आता कुणाला काहीच कळणार नव्हतं.

रुआनताईंखेरीज. तलावातली कोळंबी आणि बाजारातली कोळंबी त्यांना एका घासात ओळखू आली असती. तेवढं नाक आणि तेवढी जीभ त्यांना नोकरीनं दिली होती.

थंडी पडली, आणि मध्यवर्ती बँकेच्या पुढच्या बैठकीचा गुरुवार आला. रुआनताईंकडं पोलादाच्या कंपनीचे थोडेसे शेअर होते. ते विकावेत की ठेवावेत, या विचारात त्यांना रात्री नीट झोप लागली नव्हती. वेनताईंनी डबा उघडला. भाजलेल्या मिठाचा वास हॉलभर पसरला. गुरुजींनी दोन उचलल्या, ल्याओताईंनी चार.

"घे गं रुआन," ल्याओताई तोंड भरून म्हणाल्या. "तुला तर जीव की प्राण."

डबा पुढं आला. डब्यावरून वेनताईंनी त्यांच्याकडं पाहिलं.

"नको गं," रुआनताई म्हणाल्या. "आज पोट ठीक नाही."

आणि बाजार बंद होईपर्यंत त्या नाकाला रुमाल लावून बसल्या.